जुन्या कॉमिक्ससाठी प्लास्टिकची केस कशी बनवायची: सोलापुरातल्या नव्या संग्राहकांसाठी

सोलापुरात पॅकिंग मटेरियलच्या दुकानात जाऊन "कॉमिक्स ठेवायला जाड, पारदर्शक पिशवी द्या" म्हणालात, तर दुकानदार बहुधा चादरीची पिशवी काढून देईल. मऊ, चकचकीत, चेन लावलेली. चादरी-टॉवेलांचं गाव आहे, तेव्हा या पिशव्या इथे हव्या तेवढ्या मिळतात आणि स्वस्तही पडतात. चादरीसाठी ती पिशवी चांगलीच आहे. जुन्या कॉमिक्सला मात्र ती खाऊन टाकते, कारण बहुतेक वेळा ती पीव्हीसीची असते.

काय होतं ते मी जवळून पाहिलंय. एका गृहस्थांनी 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळाचा एक अंक अशाच पिशवीत वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. पिशवी उघडताना चर्र आवाज झाला. मलपृष्ठावरच्या जाहिरातीची अक्षरं पिशवीच्या आतल्या बाजूला उलटी उमटली होती, आणि कागदावर त्या जागी फिकट, तेलकट चट्टा राहिला होता. अंकाला वाळवी लागली नव्हती, पाणी लागलं नव्हतं. ज्या पिशवीत जपला होता, तिनेच तो खराब केला.

तुमच्याकडे इंद्रजालचे (१९६४ ते १९९०) अंक असोत, १९६७ पासूनची अमर चित्र कथा असो की घरातले जुने चांदोबा, प्रश्न एकच आहे: केस कशाची आहे? ती किती सुंदर दिसते हे नंतर बघू. खाली मी ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने काम करा. मधली पायरी गाळलीत तर साहित्य तरी वाया जाईल, नाहीतर अंक तरी.

१. आधी प्लास्टिक ओळखा

कॉमिक्सच्या कामात चार नावं वारंवार कानावर येतील.

पीव्हीसी: हे मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ करायला त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. कालांतराने ती बाहेर येतात, छपाईची शाई सैल करतात आणि पिशवी कागदाला चिकटते. शिवाय पीव्हीसी जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं. त्यामुळे हे पूर्णपणे वर्ज्य.

पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बाजारातली पीपी किंवा बीओपीपी: कुरकुरीत, स्वच्छ आणि स्वस्त. अंक खूप असतील तर यानेच सुरुवात करा. काही वर्षांनी पिशव्या बदलायच्या, एवढं पथ्य पाळा.

पॉलिएस्टर: संग्राहक याला सरसकट 'मायलर' म्हणतात. ते खरं तर एका ब्रँडचं नाव. अभिलेखागारं आणि मोठी ग्रंथालयं दुर्मीळ कागदांसाठी हेच वापरतात, कारण यात मऊ करणारी रसायनं नसतात आणि ते कागदाशी कसलीही प्रक्रिया करत नाही. महाग आहे, पण चांगल्या अंकाला हेच हवं.

ॲक्रिलिक: पॉलिएस्टरच्या कव्हरवरची कडक केस याची करायची. अंकाला थेट लावायची नाही.

आता ओळखायचं कसं? दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तो खोटं बोलतो असं नाही, त्याच्याकडे माल 'ट्रान्सपरंट' या एकाच नावाने येतो.

पहिली परीक्षा पाण्याची. वाटीत पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा पाण्यात पूर्ण दाबून सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर दोन्ही तळाला जातात.

बुडालेल्या दोघांतला फरक कळायला तांब्याच्या तारेची परीक्षा. ही गच्चीवर किंवा अंगणातच करा, बंद स्वयंपाकघरात करू नका. तांब्याची उघडी तार सांडशीत धरून ज्योतीत लाल करा. ज्योतीत हिरवा रंग दिसेनासा झाला की तार प्लास्टिकला टेकवा, म्हणजे किंचित प्लास्टिक तिला चिकटेल. तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत लख्ख हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे, म्हणजे ते पीव्हीसी. हिरवी झाली नाही तर पीव्हीसीचा संशय मिटला. धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि अख्खी पिशवी तर कधीच पेटवू नका.

२. सामान

- कोटिंग नसलेली, स्वच्छ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म, ७५ मायक्रॉन. (५० चालते, पण हातात लुळी पडते. १०० ची घडी घालायला त्रास होतो.)
- आम्लमुक्त बोर्ड आणि पीएच (आम्लता) तपासायचं पेन
- स्टीलची पट्टी, कटर, नवी पाती, कटिंग मॅट
- घडी दाबायला हाडाची किंवा टेफ्लॉनची पट्टी
- दुहेरी चिकट पट्टी. अभिलेखागारात वापरतात ती थ्रीएम ४१५ मिळाली तर उत्तम
- व्हर्नियर (जाडी अचूक मोजायला)
- मायक्रोफायबरचं कापड
- ॲक्रिलिकच्या केससाठी तीन शीटं आणि एम-३ चे (३ मिमी जाडीचे) पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू-नट

फिल्मबद्दल दोन गोष्टी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पॉलिएस्टर फिल्म मिळते हे खरं आहे, यंत्रमागांच्या गावात अशी दुकानं भरपूर आहेत. पण ती इन्सुलेशनची फिल्म असते, बहुतेकदा दुधी. मुखपृष्ठ त्यातून नीट दिसत नाही. ओएचपी शीट म्हणून मिळते तीही पॉलिएस्टरच, पण शाई धरावी म्हणून तिच्यावर थर दिलेला असतो. तो थर अंकाला लागू द्यायचा नाही. संवर्धनाचं सामान विकणाऱ्यांकडून ऑनलाइन मागवताना 'मेलिनेक्स ५१६' किंवा त्याच जातीची फिल्म मागा.

आणि लॅमिनेशन अजिबात नको. हे वेगळं सांगावं लागतं, कारण घरातलं कुणीतरी प्रेमाने "मुखपृष्ठ लॅमिनेट करून आणू का" असं विचारतंच. लॅमिनेशनमध्ये गरम गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टीने फाटका कणा जोडण्याचंही तसंच.

३. माप घ्या

एकाच मालिकेतले अंकसुद्धा सारख्या मापाचे नसतात, कारण छापखान्यात कडा कापताना फरक पडतो. रुंदी आणि उंची वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. जाडी कण्यापाशी मोजा. अंक दाबून मोजू नका.

नवख्यांचं माप चुकतं ते जाडीत. सपाट पिशवीत जाड वस्तू घातली की पिशवीची रुंदी जाडीत खर्च होते. म्हणून:

कव्हरची रुंदी = अंकाची रुंदी + (अंक आणि बोर्ड मिळून जाडी) + ४ मिमी सैल. उंचीचंही असंच.

समजा अंक १७५ × २४५ मिमी आहे आणि बोर्डासकट जाडी ३ मिमी. मग कव्हर १८२ × २५२ मिमी हवं. सैल जागा ४ पेक्षा फार वाढवू नका, नाहीतर अंक आत सरकतो आणि कोपरे दुमडतात.

४. पाठीमागचा बोर्ड

जुन्या अंकांचा आतला कागद बहुतेक न्यूजप्रिंट. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. ते हवा-उजेडाने पिवळं पडतं आणि कागद आम्लधर्मी होत जातो. म्हणून मागे लावायचा बोर्ड आम्लमुक्त हवा, कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला असेल तर अधिक बरा.

टॉवेलच्या किंवा साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लावायचा मोह होईल. वरून पांढराशुभ्र, आतून करडा असा तो ड्युप्लेक्स बोर्ड रद्दीच्या लगद्यापासून बनतो. तो नको. फ्रेमच्या दुकानातून माउंट बोर्ड आणलात तरी कोपरा फाडून आतल्या थरावर पीएच पेनची रेघ ओढा. रेघ जांभळी झाली तर बोर्ड चालेल, पिवळी राहिली तर परत करा. वरचा थर चांगला आणि गाभा आम्लधर्मी असे बोर्ड खूप मिळतात, त्यामुळे नुसती वरून रेघ ओढून भागत नाही. रेघ ओढलेला तुकडा अंकाजवळ ठेवू नका.

बोर्ड अंकापेक्षा सगळीकडून २ मिमी मोठा कापा. कव्हर हातातून पडलं तर मार बोर्डाच्या कोपऱ्यावर बसेल.

५. पॉलिएस्टरचं कव्हर

ही पायरी शांतपणे करा. पॉलिएस्टर साध्या हीट सीलरने जुळत नाही. शेंगा चटणीची पाकिटं बंद करायचं हाताचं मशीन पीपीला चालतं, पॉलिएस्टरला नाही. कारखान्यात ध्वनिकंपनांनी कडा वितळवून जोडतात. आपण शाळेच्या वह्यांना कव्हर घालायचो तसं घडीवर काम भागवायचं.

कामाची जागा आधी ठरवा. सोलापूरच्या हवेत, विशेषतः यंत्रमागांच्या पेठांमध्ये, कापसाचे बारीक तंतू सतत तरंगतात, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठून ते सगळे ओढले जातात. फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या आणि सकाळी लवकर बसा. फिल्म किंचित दमट मायक्रोफायबरने दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा तंतू कमी चिकटतात, पण तेव्हा अंक उघडा ठेवायचा वेळ कमी करा.

कापायचं माप, वरचंच उदाहरण घेऊन: फिल्म ४०४ × २९२ मिमी. आडवे तीन भाग करा: मागचा १८२, पुढचा १८२ आणि बाजूची घडी ४० मिमी. उभ्यात वरचे २५२ मिमी कव्हरचे आणि खालचे ४० मिमी तळाच्या घडीचे. तळाची घडी फक्त पुढच्या भागाला ठेवा. मागच्या भागाखालचे आणि बाजूच्या घडीखालचे ४० मिमी कापून टाका. दोन घड्या जिथे एकमेकींवर येतील त्या कोपऱ्यांना तिरकी खाच द्या, नाहीतर तिथे फुगवटा येतो.

आता स्टीलची पट्टी लावून घडीच्या रेषेवर हाडाच्या पट्टीने दोनदा दाबून रेघ ओढा. कटरची पात वापरू नका, घडी पुढे तिथेच चिरते. रेघेवर फिल्म वळवा आणि घडीवरून हाडाची पट्टी फिरवा. पॉलिएस्टर हट्टी असतं, सोडलं की उघडतं. जाड पुस्तकांखाली एक रात्र ठेवलं की बसतं.

बाजूची घडी आणि तळाची घडी मागच्या भागाच्या बाहेरून वळवा. चिकट पट्टी फक्त तिथेच, घडी आणि मागच्या भागाची बाहेरची बाजू यांच्यामध्ये लावा. अशाने गोंद आणि अंक यांच्यामध्ये नेहमी फिल्म राहते. ही मांडणी मला सर्वांत पटते ती आपल्या उन्हाळ्यामुळे. पारा ४२-४३ च्या पुढे गेला की गोंद मऊ होऊन सरकतो, आणि तो आतल्या बाजूला असेल तर थेट मुखपृष्ठावर जातो. पट्टी घडीच्या मोकळ्या कडेपासून ५ मिमी आत ठेवा म्हणजे कडेला धूळ धरणार नाही.

वरची बाजू उघडी राहू द्या. अंक एकटा आत ढकलू नका. आधी बोर्डावर ठेवा आणि दोन्ही मिळून सरकवा. पिना गंजलेल्या असल्या तरी उपटू नका, नवख्या हाताने कणा फाटतो. आणि ज्या अंकाच्या कागदाचे आताच तुकडे पडतात, तो पॉलिएस्टरमध्ये घालू नका. स्थिर वीज ते तुकडे उचलून धरते. असा अंक आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवा.

६. ॲक्रिलिकची केस

नव्याने शिकणाऱ्याने गोंद नसलेली केस करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मागे ३ मिमी शीट, मध्ये खिडकी कापलेली ४ मिमीची चौकट, पुढे ३ मिमी शीट, आणि सगळं स्क्रूने बांधलेलं. उघडता येते, धुता येते, अंक बदलता येतो. ॲक्रिलिकच्या दुकानात खोका चिकटवायला क्लोरोफॉर्मसारखं द्रावण वापरतात. त्याची वाफ बंद खोक्यात रेंगाळते, आणि लेझरने कापलेल्या कडेला ते लागलं की अगदी बारीक भेगा पडतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तर कडांभोवती पांढरं धुकं येतं.

माप: खिडकी कव्हरपेक्षा प्रत्येक बाजूला २ मिमी मोठी, म्हणजे १८६ × २५६ मिमी. भोवती २० मिमीची चौकट धरली की बाहेरचं माप २२६ × २९६ मिमी. चार कोपऱ्यांत आणि दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर एकेक, अशी सहा छिद्रं. स्क्रू ३ मिमीचा असला तरी छिद्र ३.५ मिमी ठेवा. ॲक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. छिद्र घट्ट असेल तर मे महिन्यात तिथून तडा जातो.

नावाच्या पाट्या, नंबर प्लेट, ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेझर मशीन असतं. त्यांना देताना:

- फाइल कोरलड्रॉमध्ये किंवा डीएक्सएफ, माप मिलिमीटरमध्ये. कागदावर हाताने काढलेलं चित्र नेलं तर माप त्यांच्या अंदाजाने होतं.
- 'कास्ट' ॲक्रिलिक मागा, 'एक्सट्रुडेड' नको. कास्टची कड स्वच्छ कापली जाते.
- शीटची जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा. ४ मिमी म्हणून मिळणारं शीट थोडं कमी भरू शकतं, आणि मधल्या चौकटीत तेवढ्यानेच अंक दाबला जातो.
- छिद्रंही लेझरनेच पाडून घ्या. साध्या ड्रिलने कडा फुटतात.
- शीटवरचा संरक्षक कागद कापताना काढू देऊ नका.

केस घरी आणली की लगेच अंक घालू नका. कापलेल्या कडांना उग्र वास असतो. शीटं सुटी करून वास पूर्ण जाईपर्यंत हवेशीर जागी ठेवा. पुसायला पाणी आणि साबणाचा थेंब पुरे. काच पुसायचं स्प्रे, स्पिरिट किंवा थिनर वापरलं तर कडांना भेगा पडतात. स्क्रू बोटांनी बसेल तेवढाच आवळा. पुढची शीट लावल्यावर केस उभी करून हलकेच हलवा. कव्हर किंचित सरकलं पाहिजे, पण खडखडलं नाही पाहिजे. अजिबातच सरकलं नाही तर मधली चौकट एक मिलिमीटरने जाड घ्या.

७. परदेशी सीलबंद केसबद्दल

अंकाच्या अवस्थेचा ग्रेड लिहिलेली, सीलबंद केस तुम्ही फोटोत पाहिली असेल. अमेरिकेतल्या सीजीसी या कंपनीने २००० मध्ये कॉमिक्सना ग्रेड देऊन सीलबंद करायचं काम सुरू केलं. आत अंकाला धरणारी पातळ, लवचिक प्लास्टिकची खोबण असते आणि बाहेर कडक कवच. कवचासाठी प्लास्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. दोन अर्धे भाग सेकंदाला २० हजार किंवा जास्त कंपनांनी कडेला वितळवून कायमचे जोडतात. केस उघडायची तर फोडावीच लागते, आणि अंक बदलला गेला नाही याची खूण म्हणून ती तशीच बनवलेली असते. साच्याचा खर्च पाहता घरी हे करण्यात अर्थ नाही. आपला हेतू वेगळा आहे: अंक सुरक्षित राहावा आणि मनात आलं की काढून वाचताही यावा.

८. ठेवायची कुठे

पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. ढोबळमानाने दर १० अंश तापमानवाढीला कागद खराब होण्याचा वेग दुप्पट होतो असं धरतात, आणि दुपारी त्या माळ्यावर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या मजल्यावरची, आतल्या भिंतीची लाकडी किंवा लोखंडी कपाटं बरी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवा. ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास आकडा राहिला तर उत्तम. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण कव्हरच्या आत नाही, कपाटात.

केस भिंतीवर लावायची असेल तर जिथे कधीच थेट ऊन येत नाही अशी भिंत निवडा. साधं ॲक्रिलिक अतिनील किरणं पुरती अडवत नाही. लाल आणि पिवळा आधी उडतो आणि मुखपृष्ठ निळसर दिसू लागतं. अतिनील रोखणारं ॲक्रिलिक मिळतं. पुढच्या शीटपुरतं तेच घ्या. मागच्या शीटला त्याची गरज नाही.

९. दुसऱ्यांसाठी करून विकायचं असेल तर

आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील एवढ्यावर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी होते, आणि ती मोफत आहे. शोधताना तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पहिल्यांदा समोर येतात आणि शुल्क मागतात. पत्ता सरकारी आहे ना, ते बघूनच आधार क्रमांक भरा. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हे एकदा सीएला विचारून घ्या.

ग्राहकाचा अंक स्वतःकडे ठेवून घेऊ नका. मापं घेऊन त्याच्यासमोर लिहा, रिकामी केस करून द्या आणि अंक त्यालाच घालू द्या. बिलावर प्लास्टिकचं नाव आणि जाडी नोंदवा: 'पॉलिएस्टर ७५ मायक्रॉन, कास्ट ॲक्रिलिक ३-४-३ मिमी'. कुरिअरने पाठवताना केसचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाठवा आणि तशी चिठ्ठी आत ठेवा. घट्ट आवळलेली केस आपटली की कोपऱ्यातल्या छिद्रापासून तडकते.